चारशे बारा ते चारशे सदतीस फूट

९ डिसेंबर २००७, रविवार

मैत्रेयीने हॉलभर कागद पसरले आणि मला हाक मारली, "आजोबा, चष्मा घेऊन या. तुमचं बोअर सापडलं."

एक लांब पट्टी. वरून खाली रंग भरलेले, कडेला फूट लिहिलेले. वर बोअर नंबर सात, बोरडोह, १९६६. खाली साहेबांची सही, कॅम्पवरच्या आमच्या जिऑलॉजिस्टची. बाकी सगळं इंग्रजीत, पण ती सही मी कुठेही ओळखीन.

नात विचारत होती, "हेच ना? खाण बंद झाल्यावर हे कागद आमच्या सरांकडे आले. एमएस्सीचा प्रबंध मी ह्याच्यावरच करणार. वर्गात आहे का कुणाचं असं, आजोबांनी काढलेलं बोअर?"

हो, सातच, म्हणालो. आणि संडासात जाऊन बसलो. बराच वेळ बसलो.

जेवण गेलं नाही. बायको म्हणाली, "सहा तारखेला दादरला उन्हात उभे राहिलात. पित्त झालं." पित्त नाही. पण गयाला काय सांगणार.

१० डिसेंबर

बीपी १६०/९५. कंपाउंडरने दोनदा घेतलं. दुसऱ्यांदा पाच जास्त आलं.

१३ डिसेंबर

मी चौथी पास. लिहायची सवय साहेबांनी लावली. "सुदाम, रोज संध्याकाळी लिहायचं. तारीख, किती फूट गेलो, काय निघालं, काय बिघडलं. बाकी पुराण नको." ड्रिलिंगच्या कॅम्पवर मी खलाशी होतो, म्हणजे मशीनवरचा मदतनीस. रामटेकच्या पलीकडे बोरडोहला मॅंगनीजच्या खाणीसाठी कंपनी बोअर मारत होती, तिथे. तेव्हापासून लिहितो. आता फूट नाहीत तरी लिहितो.

जुन्या वह्या अडीच वर्षांपूर्वीच्या पुरात गेल्या. इथे बदलापूरला मांजर्लीत नदी घरात शिरली तेव्हा ट्रंक खाटेखाली होती. वह्यांचा लगदा झाला. मी रडलो. राजरत्न म्हणाला, "बाबा, वह्याच आहेत, माणसं वाचली ना." मुलाला वाटलं मी वह्यांसाठी रडतोय. त्यातली एक वही गेली म्हणून मला हलकं वाटत होतं, त्याचं रडू होतं ते.

वही गेली. आणि आता ही पोरगी पट्टी घेऊन आली.

१६ डिसेंबर, रविवार

मैत्रेयीने आज सगळ्यांना शिकवलं. तीन चादरी घेतल्या. खाली गुलाबी, तिच्यावर काळी, सगळ्यात वर करडी. म्हणाली, शंभर कोटी वर्षांपूर्वी तिथे समुद्र होता असं समजा. तळाशी गाळ बसत गेला. मधली काळी चादर म्हणजे मॅंगनीज. मग दोन्ही बाजूंनी जमिनी सरकत आल्या आणि मधला सगळा गाळ दाबला. तिने दोन्ही हातांनी चादरी आत ढकलल्या. फुगवटा झाला, कलला, आडवा पडला. "हे असं नागपूरपासून बालाघाटपर्यंत. सौसरचा पट्टा. घड्यांचा पट्टा. दाबाने आणि उष्णतेने गाळाचा अभ्रकी दगड झाला, गुलाबी झाला त्याला गोंडाइट म्हणतात, गोंडांवरून नाव आहे. आणि काळा झाला तो तुमचा मॅंगनीज."

मग आडव्या पडलेल्या घडीत तिने वरून विणायची सुई खुपसली. "आता मोजा. करडी, काळी, गुलाबी, परत काळी, परत करडी. थर उलट क्रमाने परत आले की समजायचं, इथे घडी आहे. खाली तेच थर पालथे झालेत. आणि हे सगळ्यात स्वच्छ कुठे दिसतं माहितीये? तुमच्या सातमध्ये. चारशे बारा ते चारशे सदतीस फूट. सर म्हणतात, आरशात बघितल्यासारखं आहे."

आरशात बघितल्यासारखं असणारच.

गया म्हणाली, "धुतलेल्या चादरी होत्या त्या. आता पुढची शंभर कोटी वर्षं मीच धुते." सगळे हसले. मीसुद्धा हसलो, तोंड दुखेपर्यंत.

१८ डिसेंबर

घरात कुणी नाही. गया विहारात गेली आहे, राजरत्न अंबरनाथला कारखान्यात, सून शाळेत. लिहून टाकतो.

मशीनचं बॅरल, म्हणजे पोकळ नळी, वर आलं की आतली दगडाची कांडी बाहेर काढायची, धुवायची. तिला कोअर म्हणत. कोअर पेटीत लावायचा, डावीकडून उजवीकडे, पुस्तकाच्या ओळी असतात तसा. पाच खाचांची लाकडी पेटी, एका पेटीत पंचवीस फूट. मध्ये मध्ये लाकडी ठोकळा, त्यावर फूट लिहायचे. आणि प्रत्येक तुकड्यावर लाल रंगाने बाण काढायचा, टोक खालच्या बाजूला. दगड जमिनीतून निघाल्यावर त्याची खालची बाजू कुठली हे जगात फक्त खलाशाला माहीत असतं, तेही पाच मिनिटं. म्हणून बाण लगेच काढायचा. साहेबांनी हे मला शंभरदा सांगितलं होतं.

श्रावण होता. रंगाचा डबा वाळून गेला होता. रामटेकचा बाजार सोमवारी. म्हटलं, सोमवारी रंग आणू, तेव्हा काढू. एक पेटी बिनबाणाची राहिली. सतरावी.

मशीन नाल्याच्या पलीकडे, कॅम्प अलीकडे. पेटी दोघांनी उचलायची असा नियम. माझा जोडीदार तापाने पडलेला. मी एकट्याने डोक्यावर घेतली. नाल्यात पाय सरकला.

पंचवीस फूट दगड पाण्यात. ठोकळे वाहत निघाले, ते आधी पकडले. मग वाकून एकेक तुकडा वेचला. एकही कमी नव्हता. पण कुठला कुठे? टोकं बॅरलमध्ये घासून गोल झालेली, एकमेकांना बसेनात. करड्या तुकड्यांचे दोन ढीग झाले, काळ्याचे दोन, गुलाबी थोडा. कुठला काळा आधी निघाला, कुठला नंतर? आठवेना. घाबरलो की मला काहीच आठवत नाही, अजूनही तसंच आहे. शेवटी गुलाबी मधे ठेवला. दोन्ही बाजूंना काळा. कडांना करडा. निदान डोळ्याला बरं दिसलं. सोमवारी रंग आणला आणि सगळ्या तुकड्यांवर बाण काढले. सरळ, एका मापाचे.

दोन दिवसांनी साहेब भिंग घेऊन पेटीपाशी बसले. एकेक तुकडा फिरवून बघत राहिले. मला वाटलं, कळलं. मग हाक मारली, "सुदाम, इकडे ये. हे बघ. घडी आहे ही. अख्खा डोंगर इथे वळलाय." आणि थर्मासमधला चहा स्वतःच्या कपात ओतून मला दिला. त्याच कपात. आमच्या गावात तोपर्यंत मला कुणी कपात चहा दिला नव्हता. करवंटी ठेवलेली असे, बाहेर.

तो चहा प्यायल्यावर कसं सांगायचं?

साहेबांचा रिपोर्ट छापला. घडीमुळे थर तिथेच वळतो, खाली मॅंगनीज नाही, असं ठरलं. कंपनी खोल गेली नाही. बहात्तर साली खाण बंद झाली. बोरडोहची माणसं पांगली. खाली काही होतं का? कुणाला माहीत. मला तरी कुठे माहीत!

गयाच्या चपलांचा आवाज येतोय.

२५ डिसेंबर

मैत्रेयीला कॅम्पच्या गोष्टी हव्या आहेत. आज ठरवलं होतं. बसलो, घसा साफ केला आणि बिबट्याची गोष्ट सांगितली.

६ जानेवारी २००८, रविवार

तिच्या सरांना काम फार आवडलं. ३१ मार्चच्या आत प्रबंध दिला तर पीएचडीच्या फेलोशिपला नाव पाठवणार. राजरत्न दिवसभर खुशीत. शेजारी जाऊन फेलोशिप म्हणजे काय ते सांगून आला, त्याला स्वतःला नीट माहीत नाही.

मी आडून विचारलं. समज, एखादा तुकडा पेटीत उलटा लागला, तर तुम्हाला कळतं का?

"कधी कधी कळतं. गढूळ पाणी ग्लासात ठेवलं की जाड कण खाली बसतात, बारीक वर. दगडात काही ठिकाणी तसं अजून दिसतं. पण तुकडा जमिनीत कसा होता ते आधी कळायला हवं ना? ते बाणावरून. बाण म्हणजे शेवटचा शब्द." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्हीच शिकवलंत की मला हे. मी सहावीत होते."

खरं आहे. मीच शिकवलं.

मग विचारलं, पेट्या कुठे आहेत आता?

"नाहीत. शेडचं छत पडलं, पेट्या कुजल्या. कोअर रस्त्याच्या भरावात टाकला म्हणे. आता फक्त हा लॉग उरलाय, ही कागदावरची पट्टी."

म्हणजे आता कुणीही तपासू शकत नाही. ऐकल्याबरोबर बरं वाटलं. अर्ध्या तासाने जास्तच वाईट वाटायला लागलं. पेट्या असत्या तर कधीतरी कुणीतरी पकडलं असतं. आता माझ्याशिवाय कुणी उरलं नाही.

७ जानेवारी

पहाटे तीनपासून जागा. टाकीचं पाणी वाहून चाललंय असं वाटलं, दोनदा वर जाऊन आलो. वाहत नव्हतं.

२० जानेवारी, रविवार

कोंडाजीला सांगितलं. शेजारच्या बिल्डिंगमधला, इथला मूळचा शेतकरी. सकाळी नदीकडे फिरायला आम्ही दोघं जातो. माझ्याबद्दल नाही म्हटलं, एका ओळखीच्या माणसाचं आहे म्हणालो.

तो थांबला, तंबाखू मळली. "तुझ्या वळखीचा मानूस म्हंजे तूच ना?"

हो.

"कवाचा हाय ह्यो?"

बेचाळीस वर्षं होतील.

"बेचाळीस वर्सं दगड पोटात घेऊन फिरतंस? म्हून तुला ग्यास व्हतो."

मी विचारलं, सांगू का पोरीला?

"सांग, नायतर नको सांगू. पन मना परत इचारू नको. मना आधीच झोप लागत नाय."

परत येताना तो भाताच्या जुन्या वाणांबद्दल बोलत राहिला. मी हं हं करत होतो.

९ फेब्रुवारी

मैत्रेयी रंगीत पेन्सिलींनी नकाशा रंगवते. सातच्या बोअरपाशी घडी काढली आहे. केळ्यासारखी वाकलेली, छान. मी बाजूला बसून पेन्सिलींना टोक करून देतो. काळी सगळ्यात लवकर संपते.

आज म्हणाली, "पहिल्या पानावर काय लिहिणार माहितीये? आजोबांना, ज्यांनी हे बोअर डोक्यावरून वाहिलं."

पेन्सिलीचं टोक मोडलं. परत केलं, परत मोडलं.

१० फेब्रुवारी

आज सांगणार होतो. तिला ताप आला.

२४ फेब्रुवारी, रविवार

आज सांगणार होतो. व्याही आले, जेवायला थांबले.

२ मार्च, रविवार

आज कुणी आलं नाही, कुणाला ताप नव्हता, दिवसभर ती समोर होती. नाही सांगितलं.

मला वाटतं ते असं. ती भूगर्भशास्त्राला गेली ती माझ्यामुळे. मावशीने सांगितलं बीएड कर, मामाने सांगितलं बँकेची परीक्षा दे. ही म्हणाली, मला आजोबांसारखं दगडाचं करायचंय. माझ्याविषयी असं कुणी कधी बोललं नव्हतं. आजोबांसारखं म्हणजे काय ते कळलं, की ती माझ्याशी कशी बोलेल? तशीच बोलेल का? मला तेवढीच भीती आहे. खाण, कंपनी, बोरडोह हे सगळं मी वर लिहिलंय खरं, पण झोप उडते ती ह्याने.

१८ मार्च

प्रबंध टाइप झाला. उल्हासनगरला कॅम्प एक म्हणतात त्या भागात बाइंडिंगला टाकून आली. परवा मिळेल. घरात पेढे.

१९ मार्च, बुधवार

सकाळी गयाला म्हणालो, दाढी करून येतो. आणि उल्हासनगरला गेलो.

दुकान सापडायला तास गेला. प्रत्येक गल्लीत तीन बाइंडर. झमटमल नावाचा म्हातारा सिंधी, माझ्याच वयाचा. बनियनवर, हाताला सरस. मैत्रेयीचं नाव सांगितलं.

"थीसिस ना? पाच कॉपी. प्रेस में है. शाम को गोल्डन लगेगा, एकदम सोन्याचं नाव."

थांबवा, म्हणालो.

"थांबवा मतलब? साईं, सरस लग गया. अब खोलेगा तो चमडी निकलेगी. आप कौन, गाइड?"

आजोबा.

"मग काय झालं? स्पेलिंग मिस्टेक?"

हो, म्हणालो. पंचवीस फुटांची.

त्याने माझ्याकडे नीट बघितलं. स्टूल दिलं, पाणी दिलं. स्वतःच्या मोबाइलवरून मैत्रेयीला फोन लावला. "बेटा, तुम्हारे दादा इधर बैठे हैं. तबियत ठीक है, पर ठीक नहीं है. आ जाओ."

ती आली ती धापा टाकत. तिला वाटलं मला काहीतरी झालंय. मी उठून उभा राहिलो, का कोण जाणे, साहेबांसमोर राहायचो तसा. आणि सांगितलं. रंगाचा डबा, नाला, दोन ढीग, गुलाबी मधे. चहाचं नाही सांगितलं. दहा मिनिटंही लागली नाहीत. बेचाळीस वर्षं, आणि दहा मिनिटं.

ती पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्यावर बसली. पिशवीतून वही काढली.

"कुठल्या फुटापासून कुठल्या फुटापर्यंत?"

चारशे बारा ते चारशे सदतीस.

"नक्की? सोळाची पेटी नाही, अठराची नाही?"

नक्की. ठोकळे मीच पाण्यातून काढले.

लिहून घेतलं. तारीखही लिहिली. मग झमटमलला म्हणाली, "चाचा, खोला."

"बेटा, चमडी..."

"खोला."

त्याने सुरी घेतली. पाचही. पानं सुटताना आवाज होतो, कपडा फाडल्यासारखा.

रिक्षात माझी पिशवी तिनेच धरली होती.

२० मार्च

राजरत्न रात्री आला तेव्हा त्याला कळलं. मला वाटलं होतं ओरडेल. हळू बोलला, तेच जास्त लागलं. "बाबा, बेचाळीस वर्षं गप्प बसलात. अजून दहा दिवस बसता आलं नाही?"

मलाही हेच वाटलं होतं, उल्हासनगरच्या प्रत्येक गल्लीत.

गया म्हणाली, "मला तरी सांगायचं. मी कुणाला सांगणार होते? मला मॅंगनीज म्हणताही येत नाही."

२३ मार्च, रविवार

मैत्रेयी बोलत नाही असं नाही. चहा घेणार का विचारते, गोळी घेतली का विचारते. दगडाचं बोलत नाही.

२६ मार्च

आज बोलली. सरांकडे जाऊन आली. सर म्हणाले, एका म्हाताऱ्याच्या आठवणीवर छापील लॉग खोडायचा? कोर्टातसुद्धा कागद मानतात.

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, सर, लॉग त्याच म्हाताऱ्याने लावलेल्या पेटीवरून लिहिलाय."

मला हसू आलं. तिलाही आलं असावं, पण तिने तोंड फिरवलं.

३१ मार्च

आज शेवटची तारीख होती. प्रबंध गेला नाही. फेलोशिपची यादी गेली, तिचं नाव नाही. राजरत्न जेवताना टीव्ही मोठा लावून बसला.

६ एप्रिल, रविवार

एक महिन्याची मुदत मिळाली आहे. नकाशा नव्याने काढते. सातच्या पट्टीत सतराव्या पेटीच्या जागी रंग नाही, कोरं ठेवलंय. कोऱ्या जागेच्या वर आणि खाली करडी पेन्सिल व्यवस्थित लावलेली, त्यामुळे ती कोरी जागा पडलेल्या दातासारखी दिसते. मी विचारलं, मग घडी गेली का?

"पूर्ण नाही गेली. चार नंबरचं बोअर आहे ना. त्यात तीन पेट्यांत थर पालथे आहेत, बाण बघून साहेबांनी तसं लिहिलंय. थर पालथे म्हणजे घडी असू शकते. खात्रीने नाही म्हणणार, शक्यता म्हणून मांडेन. चारवर आता सगळं उभं आहे."

मी म्हणालो, सिलिंडर संपत आलाय वाटतं, बघतो.

१४ एप्रिल

जयंती. मिरवणूक बघायला गच्चीवरच थांबलो. पाय सुजलेत.

२९ एप्रिल

प्रबंध दिला. झमटमलने परत बांधून दिला, या वेळी म्हणे दोरा डबल घातलाय. पहिल्या पानावरचं वाक्य तिने काढलेलं नाही. आत, कोऱ्या जागेखाली, बारीक अक्षरात माझं पूर्ण नाव आहे. तिने वाचून मराठीत सांगितलं: हा कोअर सांडून पुन्हा लावलेला आहे, तो ज्यांनी लावला त्यांनी स्वतः सांगितलेली माहिती, १९ मार्च २००८. माझं नाव आजवर रेशनकार्डावर, मतदार यादीत आणि पेन्शनच्या कागदावर छापलेलं आहे. हे चौथं.

आनंद व्हायला हवा. रात्री परत पाण्याची टाकी बघायला गेलो.

२० मे, बुद्धपौर्णिमा

खीर. गया म्हणाली, आता तरी नीट जेवा. दोन घास जास्त खाल्ले, ती बघत होती म्हणून.

२८ मे

तोंडी परीक्षा झाली. मैत्रेयी पास, पहिल्या वर्गात. राजरत्न परत शेजारी जाऊन आला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी प्रबंध उघडला तो थेट कोऱ्या जागेपाशी. विचारलं, "हे गृहस्थ हयात आहेत का?" ती म्हणाली, बदलापूरला असतात, माझ्याच घरी. त्यावर ते म्हणाले, "त्या सगळ्या भागाचा कोअर नष्ट झालाय. पेट्या लावणारा माणूस मिळतो कुठे! मला त्यांना भेटायचंय, सगळ्या बोअरबद्दल." रविवारी येतायत.

मैत्रेयीला इतकी खूश मी डिसेंबरपासून बघितली नव्हती. "आजोबा, चारबद्दल सगळं सांगा त्यांना. माझं चारवरच आहे."

बीपी १७०/१००.

१ जून २००८, रविवार

दहाला येणार. आता सव्वाआठ. मैत्रेयी आंघोळीला गेली आहे. बाहेर आली की आधी तिला सांगणार, ते यायच्या आत, गच्चीवर नेऊन. सातमधली घडी दिसल्यावर साहेबांनी चारच्या जुन्या पेट्या उघडायला लावल्या होत्या. तीन पेट्यांतले बाण मी खरवडले आणि उलटे काढले. घडी जुळावी म्हणून, साहेब सांगत होते तसे.